थंड डोंगरावरचा गादी-निवडुंग विदर्भात कसा जगवावा

माझी पहिली तीन रोपं मे महिन्यात तगली आणि जुलैत गेली. पारा ४५ च्या पुढे होता तेव्हा ती सुकून, आक्रसून, करड्या सुपारीसारखी झाली, पण जिवंत राहिली. पाऊस सुरू झाल्यावर मी ती ओसरीत उचलून ठेवली. एक थेंबही अंगावर पडू दिला नाही. फक्त आठवड्यातून एकदा पाणी देत होते, कारण उन्हाळाभर तहानलेली रोपं आता तरी पोटभर पितील असं मला मनापासून वाटत होतं. तीन आठवड्यांत एकेक कांडं पिवळं पडलं, मग पाण्याच्या फुग्यासारखं पारदर्शक झालं आणि बोट लागताच गळून पडलं. मी त्यांना प्रेमानंच मारलं. ही चूक नव्यानं सुरू करणाऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

हे झाड नेमकं कोणतं

मैहुएनिऑप्सिस हे या कुळाचं शास्त्रीय नाव. कार्लोस स्पेगाझिनी या इटलीत जन्मलेल्या आणि अर्जेंटिनात आयुष्य घालवलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञानं ते १९२५ मध्ये दिलं. मैहुएनिया नावाचं आणखी एक निवडुंगाचं कूळ तिकडेच वाढतं, ‘त्याच्यासारखं दिसणारं’ असा या नावाचा अर्थ. दोन्ही गादीसारखी पसरतात, पण ओळखायला सोपी आहेत. मैहुएनियाच्या अंगावर बारीक हिरवी पानं टिकून असतात आणि त्याला कुसळं नसतात. मैहुएनिऑप्सिसची पानं कोवळेपणीच झडून जातात आणि कुसळं मात्र भरपूर. आपल्या धुऱ्यावरच्या फड्या निवडुंगाचा हा चुलतभाऊ, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पुढे कलमाच्या वेळी हेच नातं कामाला येणार आहे.

अर्जेंटिना, चिली आणि बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतात आणि दक्षिणेला पॅटागोनियाच्या वाऱ्यानं झोडपलेल्या पठारावर हे कूळ वाढतं. काही जाती समुद्रसपाटीजवळ आहेत, काही ४,००० मीटरच्या आसपास. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आणि नागपूर जेमतेम ३१० मीटर, म्हणजे अंतर किती ते कळेल. तिथे वारा इतका की उंच वाढणाऱ्याची धडगत नाही. म्हणून अंड्याएवढी किंवा त्याहून लहान कांडी एकमेकांना चिकटून, जमिनीला बिलगून वाढतात आणि वर्षानुवर्षांनी त्यांची घट्ट गादी तयार होते. जुनी गादी मीटरभर रुंदही होते. गादीच्या आत वारा शिरत नाही, दिवसाची ऊब टिकते आणि ओलही टिकते. जमिनीखाली मुळ्यासारखं जाड सोटमूळ असतं, त्यात पाणी साठलेलं असतं. वर दिसतं त्यापेक्षा झाड खाली जास्त असतं, असं म्हटलं तरी चालेल.

आधी रात्र समजून घ्या

आपल्याकडे निवडुंग म्हटलं की लोक ऊन मोजतात. या झाडासाठी रात्र मोजायची.

बहुतेक निवडुंग दिवसा अंगावरची छिद्रं बंद ठेवतात, नाहीतर उन्हात सगळं पाणी उडून जाईल. रात्री गारवा आला की छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतात. अंगणातल्या पानफुटीचंही असंच असतं. बेंजामिन हाइने या वनस्पतीशास्त्रज्ञानं भारतात राहूनच नोंदवलं होतं की पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट लागतं. ती नोंद १८१५ मध्ये छापली गेली. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात संपतं, त्याची ही चव.

आता आपली मे महिन्याची रात्र आठवा. पहाटेलाही २८ अंश, स्लॅबवर हात ठेवला तर गरम. अशा रात्री थंड डोंगरावरचं झाड छिद्रं मिटूनच बसतं. ते जेवत नाही, फक्त साठवणीवर जगतं. जेवण बंद असलेल्या झाडाच्या मुळाशी पाणी ओतलं की ते पाणी तसंच पडून राहतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. मे महिना कोरडा असतो म्हणून रोप वाचतं. जुलै-ऑगस्टमध्ये रात्र उबदार आणि हवा ओली, हा मेळ जीवघेणा. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पॅटागोनियाच्या कोरड्या पठारावर अख्ख्या वर्षाला दोनशेच्या आसपास.

म्हणून आपल्याकडे या झाडाचं वर्ष उलटं करायचं. त्याच्या देशात ते थंडीत झोपतं आणि उन्हाळ्यात वाढतं. विदर्भात त्याला उन्हाळा आणि पावसाळा झोपू द्यायचा आणि थंडीत वाढवायचं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे रात्रीचा पारा साधारण १२-१३ वर येतो, कधी १० च्याही खाली जातो. दिवसाला स्वच्छ ऊन असतं. तूर आणि हरभऱ्याच्या दिवसांत आपल्या गावात या झाडाला त्याच्या डोंगरावरच्या उन्हाळ्यासारखे दिवस मिळतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

सुरुवात कोणत्या रोपानं करावी

खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मैहुएनिऑप्सिस घेऊच नका. टेफ्रोकॅक्टस आर्टिक्युलेटस घ्या. तोही अर्जेंटिनाचाच, त्याच घराण्यातला, पण पश्चिमेच्या उष्ण, कोरड्या सखल भागातला. त्याचे काटे कागदाच्या पट्टीसारखे लांब, मऊ असतात, म्हणून रोपवाटिकेत तो ‘पेपर स्पाईन’ नावानं मिळतो. आपला उन्हाळा त्याला झेपतो, पावसाची ओल त्यालाही सोसत नाही. त्यावर एक पावसाळा पार पाडलात, तर तुमचा हात तयार झाला असं समजा.

मग दोन जाती. मैहुएनिऑप्सिस ग्लोमेराटा ही सगळ्यांत पसरलेली आणि त्यातल्या त्यात सोशिक. दुसरी मैहुएनिऑप्सिस डार्विनाय. ही पॅटागोनियाची, चार्ल्स डार्विनच्या नावाची, हिची गोष्ट शेवटी सांगते. अँडीजमधल्या अगदी उंचावरच्या ‘पुना’ नावाच्या पठारावरच्या चिमुकल्या जाती, ज्यांची कांडी शेंगदाण्याएवढी असतात, त्या फोटोत फार मोहवतात. मला अजूनही मोहवतात. पण त्या नव्या माणसाच्या हाती दिल्या तर मरण्यासाठीच दिल्या असं होईल.

रोप मिळवताना दोन गोष्टी सांभाळा. निवडुंग हे जवळजवळ सगळे साइट्स या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहेत, म्हणजे देशाबाहेरून रोप आणायला कागदपत्रं लागतात. शिवाय भारतात बाहेरून रोप किंवा बी आणताना वनस्पती संगरोधाचे नियम लागतात, आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला पाहिजे. परदेशातून पाकिटात गुपचूप कांडी मागवणारे आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. एका पाकिटातून आलेली कीड अख्ख्या शिवाराला भोगावी लागते, हे कपाशीवाल्यांना वेगळं सांगायला नको. देशातल्या रोपवाटिकांकडूनच घ्या. कालिंपोंगच्या डोंगरात निवडुंगाच्या जुन्या रोपवाटिका आहेत आणि थंड प्रदेशातल्या जाती तिकडे चांगल्या वाढतात. टपालानं रोप मागवायचं तर नोव्हेंबरमध्ये मागवा. मे महिन्याच्या टपालाच्या गाडीत काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

बियांपासून करण्याच्या भानगडीत पहिल्या तीन वर्षांत पडू नये. या घराण्याच्या बीला हाडासारखं टणक आवरण असतं, आज पेरलं तर एखादं दोन महिन्यांनी उगवेल, एखादं पुढच्या वर्षी.

माती, म्हणजे खरं तर दगड

आपली काळी माती कपाशीचं सोनं आहे. या झाडासाठी ती विष आहे. भिजली की फुगते, हवा कोंडते, पाणी धरून ठेवते, आणि सुकली की आकसून भेगा पडतात तेव्हा मुळं तुटतात. कुंडीत चमचाभरही घालू नका.

मी चार भाग मिसळते. बारीक गिट्टीची चुरी दोन भाग, नदीची जाडी रेती एक भाग, चाळलेला मुरूम एक भाग. त्यात मूठभर जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही इतकं जुनं की वास येत नाही. क्रशरवरची चुरी आणली की आधी चाळायची. गव्हाच्या चाळणीतून जे खाली पडतं ती भुकटी फेकायची, कारण ती ओली झाली की सिमेंटसारखी बसते. वर राहतं ते धुऊन वाळवायचं. पश्चिम विदर्भातली गिट्टी काळ्या बेसाल्टची असते, म्हणजे कधीकाळच्या लाव्ह्याचा दगड. अँडीजच्या कितीतरी उतारांवरही ज्वालामुखीचाच दगड आहे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, पाहुण्याला त्याच्या ओळखीचं काहीतरी आपल्या घरात सापडावं तसं.

मिश्रण बरोबर झालं की नाही ते असं तपासा. कुंडी भरा, तांब्याभर पाणी ओता. पाणी वर तरंगून राहिलं तर भुकटी जास्त आहे, पुन्हा चाळा. ओतता ओतता खालून यायला लागलं तर जमलं.

सोटमुळामुळे कुंडी पसरट नको, खोल हवी. रोप लावताना मानेपर्यंत मुरूम नका चढवू. मुळाच्या मानेभोवती बोटभर नुसती चुरी ठेवा, कारण सड बहुतेक वेळा तिथून सुरू होते.

जागा

गच्ची नको. हे मी ठामपणे सांगते, कारण शहरातून सल्ला देणारे सगळे गच्चीच सांगतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहतो. ज्या झाडाला रात्रीचा गारवा हवा, त्याला चुलीच्या बाजूला झोपवल्यासारखं होतं. टिनाच्या छपराखालीही तेच. जमिनीवर, पूर्वेकडच्या अंगणात, विटांच्या दोन थरांवर ठेवलेली कुंडी सगळ्यांत सुखी. सकाळचं ऊन अकरापर्यंत मिळावं, नंतर कडुलिंबाची किंवा तट्ट्याची सावली. थंडीत मात्र दिवसभर ऊन द्या, कुठलीही सावली नको. सावलीत वाढलेली कांडी लांबट, फिकी आणि पोचट होतात, गादी बनतच नाही.

डोक्यावर पावसाचं छप्पर लागतं. पारदर्शक फायबरचा पत्रा, चारही बाजू उघड्या. बंद खोलीत किंवा खिडकीत कोंडलेलं रोप पावसाच्या थेंबाशिवायही सडतं, माझ्या ओसरीतल्या रोपांना हेही एक कारण झालं. कूलरच्या झोतात ठेवलं तर गार राहील असं पुष्कळांना वाटतं. ठेवू नका. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, कांड्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि मूळ सतत ओलं राहतं.

पण कूलरमागची युक्ती घेता येते, माठाची युक्ती म्हणा हवं तर. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत रोपाची प्लास्टिकची कुंडी एका मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा. तळाशी कौलाचा तुकडा टाका म्हणजे आतली कुंडी ओलाव्याला टेकणार नाही. दोन्हींच्या मधल्या फटीत रेती भरा आणि रोज संध्याकाळी फक्त ती रेती ओली करा. बाहेरच्या मातीतून पाणी उडतं आणि आतलं मूळ गार राहतं. आतली कुंडी प्लास्टिकचीच हवी. मातीची असेल तर ओल झिरपून आत येईल आणि केलेलं सगळं उलटेल. हवेत दमटपणा आला की ही युक्ती निकामी होते, तेव्हा पहिल्या वळवानंतर रेती ओली करणं थांबवा आणि मृग लागायच्या आत बाहेरची कुंडी काढूनच टाका.

पाण्याचं पंचांग

कोजागिरी उलटली, रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटू लागली, की पहिलं पाणी. अर्धा पेला, कडेकडेनं. आठवडाभर नुसतं पाहा. आक्रसलेली कांडी हळूहळू फुगायला लागली की मूळ जिवंत आहे. मग पुढचं पाणी भरपूर, खालून निघेपर्यंत.

दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सहा इंची कुंडीला साधारण दहा-बारा दिवसांनी एकदा. पण दिवस मोजण्यापेक्षा कुंडी उचलून पाहा. पाणी दिल्यावर किती जड आणि सुकल्यावर किती हलकी, हे हाताला एकदा कळलं की पंचांग लागत नाही. शंका असेल तर तुरीची वाळलेली काडी कडेनं तळापर्यंत खोचा. ओली निघाली तर आज पाणी नाही. सकाळी नऊ-दहाला द्या, अंगावर नको, मुळाशी.

होळीपर्यंत पाणी कमी करत आणा. एप्रिलपासून मोठ्या रोपाला जवळजवळ बंद, फार तर पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी दोन चमचे, तेही पाऊस यायच्या आधीच्या कोरड्या दिवसांत. रोप सुरकुतेल, लहान होईल, मेल्यासारखं दिसेल. घाबरू नका. दाबून पाहा, टणक लागलं तर ते झोपलेलं आहे. मृगापासून सप्टेंबरअखेर पूर्ण कोरडं. सगळं शिवार हिरवं होत असताना एकच रोप तहानलेलं ठेवायचं, हे मनाला फार जड जातं. पावसाळ्यात माझा हात अजूनही तांब्याकडे जातो.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात राहत असाल तर विहिरीचं पाणी देऊच नका. इतर गावांतही बोअरचं पाणी जड असतं. पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी ऑगस्टमध्ये एका झाकणाच्या पिपात भरून ठेवा. दोन-चार कुंड्यांना थंडीभर पुरतं.

खताचं फार मनावर घेऊ नका. डिसेंबरात एकदा, पिकाला देता त्या विद्राव्य खताची चिमूट पाच लिटर पाण्यात. नत्र जास्त झालं की कांडी मऊ होतात आणि पहिल्या पावसाळ्यात तीच सडतात.

खुंट बदलणं

तीन रोपं गेल्यावर चौथं वाचावं म्हणून मी ते कुंडीसकट उचलून ओळखीच्या एका काकांकडे नेलं. वरुडकडचे, आयुष्यभर संत्र्याची कलमं बांधलेले. त्यांनी असलं झाड कधी पाहिलं नव्हतं. उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “पोरी, मुळाचं दुखणं हाय हे. वरतून पाहून काय समजन? याचा खुंट बदलव.”

नागपुरी संत्रा स्वतःच्या मुळावर कुठे उभा असतो? जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, म्हणून तो आपल्या जमिनीत टिकतो. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकांत हेच काम वर्षानुवर्षं चालतं. मग डोंगरावरच्या निवडुंगाला आपल्या मातीत मुरलेलं मूळ का देऊ नये? परदेशातले हौशी लोकही या घराण्यातल्या नाजूक जाती ओपन्शियाच्या खुंटावर वाढवतात. आपल्याकडे तो खुंट धुऱ्यावर फुकट उभा आहे, फड्या निवडुंग. त्याचंही मूळ गाव अमेरिका खंडच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून तो आपला झाला.

पोळ्याच्या सुमारास खुंट तयार करायला घ्या. फड्याचं गेल्या हंगामातलं, तळहाताएवढं, घट्ट पान जोडावरून कापा. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्या, मग मुरमाच्या कुंडीत एक तृतीयांश खोल उभं लावा. दिवाळीपर्यंत त्याला मुळं फुटतात. हलकं ओढून पाहा, हललं नाही तर तयार.

दिवाळीनंतरचे पंधरा दिवस कलमाला उत्तम. दिवस कोरडे आणि उबदार, रात्र सुखाची. होळीच्या आधीही जमतं. नवं दाढीचं ब्लेड घ्या, स्पिरिटनं पुसा. खुंटाच्या पानाचा वरचा भाग आडवा, सपाट, एका झटक्यात कापा. करवतीसारखं मागेपुढे केलंत तर पेशी चिरडतात. कापलेल्या तोंडावर चिकट रस येईल आणि मध्ये एक चपटं, लांबट वर्तुळ दिसेल, थोडं फिकं. तीच पाण्याची नळी. आता मैहुएनिऑप्सिसचं एक निरोगी कांडं घ्या, बुडाशी पातळ चकती कापा, तिथे लहान गोल वर्तुळ दिसेल. खुंटाच्या तोंडावरची आणखी एक पातळ चकती उडवा म्हणजे ताजी जखम मिळते, आणि लगेच कांडं त्यावर बसवा. दोन्ही वर्तुळं तंतोतंत जुळणार नाहीत, एक चपटं, एक गोल. निदान एका जागी तरी ती एकमेकांना छेदली पाहिजेत. कलम धरणं न धरणं फक्त यावर आहे. हलकं दाबून थोडं फिरवा म्हणजे मधली हवा निघून जाईल.

बांधायला मी जुन्या मोज्याची लवचीक पट्टी वापरते, कुंडीखालून घेऊन कांड्यावरून. रबर बँड कांड्यात रुतते. आठ-दहा दिवस कोरड्या सावलीत ठेवा. या दिवसांत पाणी नाही, ऊन नाही, आणि शेजारपाजारच्यांना ‘पाहा पाहा’ म्हणून पट्टी उचलून दाखवणंही नाही. नंतर पट्टी सोडा. कांडं टवटवीत असेल तर धरलं. सुरकुतलं असेल तर पुन्हा दोन्हीकडून कापून बसवता येतं. माझ्या पहिल्या पाचांतली दोन धरली होती. काका म्हणाले, संत्र्यातही सुरुवातीला तसंच होतं.

खुंटावरून फड्याचे स्वतःचे फुटवे आले की ते कोवळे असतानाच मोडून काढा, नाहीतर सगळं बळ तो घरच्यालाच देतो.

कलमावरचं झाड भराभर वाढतं, पण त्याची गादी तितकी घट्ट होत नाही. कांडी मोठी, थोडी सैल, काटे कमी. ज्यांना डोंगरावरचं अस्सल रूप हवं त्यांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. तरीही नव्या माणसाला मी कलमच सांगेन. दोन-तीन वर्षांत कलमावर वीसेक कांडी झाली की त्यातली चार काढून स्वतःच्या मुळावर लावून पाहा. ती गेली तरी आई शिल्लक राहते.

कुसळं आणि सड

मोठ्या काट्यांपेक्षा कुसळांना भ्या. कांड्याच्या प्रत्येक डोळ्यावर, म्हणजे काटे फुटतात त्या ठिपक्यावर, केसाहून बारीक, टोकाला उलट्या दात्यांच्या कुसळांचा झुबका असतो. हात लागला की दहा-पंधरा एकदम रुततात आणि दोन दिवस टोचत राहतात. रोप हाताळताना वर्तमानपत्राच्या घडीची पट्टी किंवा चिमटा वापरा. कापडी हातमोजे उलट त्रास देतात, कुसळं त्यांत अडकून राहतात. रुतलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, किंवा फेविकॉलचा थर लावून वाळला की साल काढल्यासारखा काढा. तोच हात स्वतःच्या डोळ्यांना लावू नका. अंगणात लहान लेकरं असतील तर कुंडी त्यांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर हवी.

पावसाळ्यात रोज सकाळी एकदा पाहणी करा. एखादं कांडं तेलकट, पिवळट दिसलं की त्याच दिवशी जोडावरून काढा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसत असेपर्यंत आणखी कापत जा, ब्लेड दर वेळी स्पिरिटनं पुसून, आणि स्वच्छ हिरवा-पांढरा गर लागला की गंधकाची भुकटी लावा. चांगली कांडी वाचवून वाळत ठेवा, थंडीत ती पुन्हा रुजतात.

पांढरा पिठ्या ढेकूण, जो कपाशीवरही येतो, तो कांड्यांच्या बेचक्यात लपतो. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. चार कुंड्यांसाठी घरातलं कपाशीचं औषध काढू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. अंगणात, जिथे आपण जेवायला बसतो, तिथे त्या बाटलीचं झाकणही उघडायचं नाही.

आणि कापलेले तुकडे धुऱ्यावर किंवा नाल्यात फेकू नका, फड्याचे तर नाहीच. प्रत्येक तुकडा रुजतो. निवडुंगानं भारतात किती जमीन व्यापली होती आणि तो आवरायला परदेशातून किडा आणावा लागला, हा इतिहास फार जुना नाही. तुकडे उन्हात पूर्ण वाळवा, मग जाळा.

फुलाचं काय

सपाट विदर्भात फूल येईलच असा शब्द मी देणार नाही. या कुळाला फुलण्यासाठी कडक थंडीची विश्रांती हवी असते आणि ती आपल्याकडे मिळत नाही. चिखलदऱ्यासारख्या ११०० मीटरच्या ठिकाणी राहत असाल तर आशा जास्त. मी मात्र थंडीत फुटणाऱ्या नव्या कांड्यांवरच खूश असते. डिसेंबरच्या सकाळी गादीच्या कडेला हिरवा, ओलसर चमकणारा कोंब दिसतो, तेवढ्यासाठी आठ महिन्यांची राखण मला जड वाटत नाही.

डार्विनची गोष्ट सांगायची राहिली. डिसेंबर १८३३ मध्ये त्याचं जहाज पॅटागोनियाच्या किनाऱ्यावर पोर्ट डिझायर इथे थांबलं होतं. तिथे त्याला हा गादी-निवडुंग फुललेला सापडला. त्यानं फुलात काडी घातली, मग बोट घातलं, तर आतले पुंकेसर हलून जवळ येताना दिसले. पुढे १८३७ मध्ये त्याचे गुरू हेन्स्लो यांनी या निवडुंगाला डार्विनचं नाव दिलं.

ते फूल आपल्या अंगणात उमलो न उमलो, तो प्रयोग तुम्हाला करता येतो. पुंकेसर हलण्याची ही खोड आपल्या फड्या निवडुंगालाही आहे. पुढच्या वेळी धुऱ्यावर तो फुललेला दिसला की सकाळी ऊन चढल्यावर जा, पूर्ण उमललेलं फूल निवडा आणि तुरीची बारीक काडी पुंकेसरांवरून हळूच फिरवा. काही सेकंद थांबा, ते आत वळताना दिसतील. बोट घालू नका, फुलाच्या बुडाशीही कुसळं असतात.